हॅरिस की ट्रम्प : सहीने काय होतं आणि काँग्रेसला विचारून काय होतं?

लोअरपरळकर · २१ ऑक्टोबर २०२४, रात्री १०.४०

५ नोव्हेंबरला अमेरिकेचं मतदान, २० नोव्हेंबरला आपलं. आपल्या निवडणुकीवर इथे पुरेसे धागे पेटलेत, तेव्हा महायुती-मविआ तिकडेच ठेवा ही आगाऊ विनंती.

ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडल्या आहेत. एकीचं म्हणणं, कमलाची आई मद्रासची, म्हणजे बाई आपली. दुसरीचं म्हणणं, ट्रम्प मोदींचा दोस्त, ह्यूस्टन आणि अहमदाबादच्या सभा आठवा. या दोन्हींत धोरण कुठे आहे ते काही मला सापडेना, म्हणून जाहीरनामेच उघडले. रिपब्लिकनांचा १६ पानी, त्यातली वीस आश्वासनं मोठ्या अक्षरांत ओरडणारी. डेमोक्रॅटांचा नव्वदच्या आसपास पानांचा, आणि गंमत म्हणजे त्यात अजून बायडन यांच्या दुसऱ्या टर्मच्या गोष्टी आहेत. २१ जुलैला म्हातारबुवांनी माघार घेतली, ऑगस्टमध्ये अधिवेशन झालं, पण मजकुरातली नावं बदलायची तसदी कुणी घेतली नाही. हॅरिसबाईंनी सप्टेंबरमध्ये अर्थकारणावर वेगळी ८२ पानी पुस्तिका काढली ती वाचण्यासारखी आहे.

वाचताना एक सवय लावून घेतली. प्रत्येक आश्वासनापुढे पेन्सिलीने 'स' किंवा 'काँ' लिहायचं. 'स' म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीने होणारं, 'काँ' म्हणजे काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांतून (हाउस आणि सिनेट) जावं लागणारं. तिथला राष्ट्राध्यक्ष आपल्या पंतप्रधानासारखा सभागृहातलं बहुमत खिशात घेऊन येत नाही. कित्येकदा विरोधी पक्षाचं सभागृह समोर घेऊनच चार वर्षं काढतो.

टीव्हीवर ज्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा, तो कर जवळजवळ सगळा 'काँ'मध्ये गेला. २०१७च्या कायद्याने कंपनी कर ३५वरून २१ टक्क्यांवर आणला. हॅरिसना तो २८ करायचाय, ट्रम्पना अमेरिकेतच माल बनवणाऱ्यांसाठी १५. हॅरिस म्हणतात, वर्षाला ४ लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्याचा कर वाढवणार नाही, नव्या बाळाच्या आईबापांना ६,००० डॉलरची करसवलत, पहिलं घर घेणाऱ्याला डाऊन पेमेंटसाठी २५,००० पर्यंत मदत. ट्रम्प म्हणतात, ओव्हरटाइमवर कर नाही, सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर कर नाही. टिपांवर कर नको हे ट्रम्प जूनमध्ये लास व्हेगसला बोलले, ऑगस्टमध्ये त्याच गावात हॅरिसही तेच बोलल्या. आणि २०१७च्या कायद्यातल्या वैयक्तिक करांच्या सवलती ३१ डिसेंबर २०२५ला आपोआप संपतात, म्हणजे कुणीही जिंकलं तरी पुढच्या वर्षी तिथे भांडण ठरलेलंच.

आणि 'स'मध्ये काय? आयात शुल्क, व्हिसाची छाननी, निर्बंध, पॅरिस करारासारखे करार, युक्रेनला किती घाईने काय पाठवायचं. मुंबईत बसून आपल्याला जे जे झोंबू शकतं ते बहुतेक सगळं याच रकान्यात. माझं मत असं की आपण भारतातल्यांनी कराचे तक्ते बाजूला ठेवून फक्त सहीचा रकाना तपासावा. बोला.

ठाणे_लोकल · २१ ऑक्टोबर, रात्री ११.०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काल तर ट्रम्पतात्या पेनसिल्व्हेनियात मॅकडोनाल्डचा एप्रन बांधून फ्राईज तळत होते. ते 'स' की 'काँ'?

नाना_गिरगाव · २१ ऑक्टोबर, रात्री ११.३०

छान मांडलंत, पण माणूस बघा ना आधी! ट्रम्प जे आहे ते तोंडावर बोलतो. हॅरिसबाई २०१९ साली फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-गॅस काढण्यावर) बंदी हवी म्हणत होत्या, सरकारी आरोग्य विम्याच्या विधेयकावर सहप्रायोजक होत्या. आता पेनसिल्व्हेनियाची मतं हवीत म्हटल्यावर फ्रॅकिंग चालेल! मग धोरण कशाला म्हणायचं?

आणि चीनवर ६० टक्के शुल्क लागलं तर नुकसान कुणाचं? चीनचं. गिऱ्हाईक कुठे वळणार? आपल्याकडे. मला तर हा सौदा पसंत आहे.

सीप्झ_शिफ्ट · २२ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

नानाकाका, तुम्ही म्हणता तितकं सरळ असतं तर आमच्या मालकांनी पेढे वाटले असते.

मी सीप्झमध्ये, अंधेरीच्या निर्यात क्षेत्रात, दागिन्यांच्या एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनला आहे. ट्रम्पचं ६० टक्के चीनवर आहे, पण त्याच दमात बाकी सगळ्या जगावर १० ते २० टक्के आहे हो. सगळं जग म्हणजे आपणही. आज कट-पॉलिश हिरा अमेरिकेत शून्य ड्युटीने जातो. सोन्याच्या दागिन्यावर पाच ते सात टक्के लागतात. त्यावर आणखी दहा बसले तर काय होतं ते सांगते, कारण टीव्हीवरचे तज्ज्ञ 'चीन भरेल', 'अमेरिकन ग्राहक भरेल' असं काहीतरी एक ठोकून मोकळे होतात.

ड्युटी भरतो तिथला इम्पोर्टर, तिथल्या कस्टम्सला. आम्ही भरत नाही. पण दुसऱ्या दिवशी बायरचा मेल येतो, अर्धं तुम्ही सोसा. न्यू यॉर्कचा मोठा बायर असेल तर मालक सोसतो, कारण तो गेला तर अख्खी लाइन बंद पडते. छोटा असेल तर घासाघीस होते. उरलेलं तिकडच्या दुकानातल्या किमतीत जातं आणि मग एंगेजमेंट रिंग घेणारा पोरगा लॅब-ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेतल्या, हिऱ्याकडे वळतो, नाहीतर लहान खडा घेतो. दागिन्यात मार्जिन मुळातच बारीक. पाच टक्के डिस्काउंट द्यायचा तर तो कुठून निघतो? आधी ओव्हरटाइममधून, मग जॉबवर्कवाल्या कारागिरांच्या दरातून. तिकडे ओव्हरटाइमवर कर माफ करायची भाषा चाललीय आणि इकडे ओव्हरटाइमच बंद व्हायचा!

धागाकर्त्यांचा 'स' रकाना मला पटला, कारण ती सही आम्ही एकदा पाहिलीय. जीएसपी नावाची सवलत होती, विकसनशील देशांच्या ठराविक मालाला ड्युटी माफ. मोदी सरकारचा दुसरा शपथविधी ३० मे २०१९ला आणि ट्रम्पची भारताला जीएसपीतून काढण्याची सही ३१ मेला. ५ जूनपासून लागू. काँग्रेसमध्ये मतदान नाही, काही नाही. सुमारे ५.६ अब्ज डॉलरचा माल त्या सवलतीतून जात होता, वाचणारी ड्युटी साधारण १९ कोटी डॉलर. देशाच्या हिशेबात चिल्लर, पण ज्याचा माल त्या यादीत होता त्याला विचारा.

ह्यूस्टनची 'हाउडी मोदी' सभा त्यानंतर, २२ सप्टेंबर २०१९ला. दोस्ती आणि ड्युटी दोन्ही एकाच वर्षातल्या.

नाना_गिरगाव · २२ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

मग बायडन यांनी जीएसपी परत का नाही दिली? चार वर्षं होती की. उलट रशियन हिऱ्यावर बंदी घालून सुरत-मुंबईची वाट लावली ती त्यांनीच.

सीप्झ_शिफ्ट · २२ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

हो, ते खरंच. रशियन कच्च्या हिऱ्यावर जी-७ देशांची बंदी, १ मार्चपासून एक कॅरेट आणि वरचा खडा, सप्टेंबरपासून अर्धा कॅरेट. पैलू इथे पाडले तरी मूळ रशियन तर आत यायचं नाही. बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये कुणालाही विचारा, खड्याचं मूळ दाखवायचे कागद करण्यात माणसं बसवावी लागलीत. तीही सहीच, डेमोक्रॅट सही.

जीएसपीचं म्हणाल तर ती योजनाच ३१ डिसेंबर २०२०ला संपली आणि काँग्रेसने ती पुढे वाढवलीच नाही. काढायला सही पुरली, परत आणायला काँग्रेस लागतेय.

लोअरपरळकर · २२ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

हे भारी सांगितलंत. माझ्या दोन रकान्यांत हा पेच आलाच नव्हता.

नाना, शुल्काच्या बाबतीत दोघांत फरक आहे, पण एक संत आणि एक सैतान असा नाही. ट्रम्पनी २०१८मध्ये पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के लावले. आपण उलट त्यांच्या बदाम-अक्रोड-सफरचंदांवर लावले, ते सप्टेंबर २०२३मध्ये काढले. चीनवरची ट्रम्पची शुल्कं बायडन यांनी ठेवली, शिवाय या मे महिन्यात चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं २५ वरून १०० टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं. हॅरिस 'ट्रम्प सेल्स टॅक्स' म्हणून टीका करतात ती सरसकट शुल्कावर. निवडक शुल्काला त्यांचाही विरोध नाही. ट्रम्पना ते सरसकट हवंय, गेल्याच आठवड्यात शिकागोत म्हणाले की टॅरिफ हा शब्दकोशातला सर्वांत सुंदर शब्द आहे. सप्टेंबरमध्ये मिशिगनच्या सभेत भारताला व्यापारातला 'व्हेरी बिग अब्यूझर' म्हणाले आणि त्याच भाषणात मोदींना 'फँटॅस्टिक'.

आपली अमेरिकेला होणारी मालाची निर्यात वर्षाला साधारण ७७ अब्ज डॉलर, आयात ४२. ट्रम्प ज्या तुटीवरून चिडतात ती हीच.

काळजीत_आई · २२ ऑक्टोबर, दुपारी १.२०

मला व्यापारातलं कळत नाही. मुलगा पुढच्या वर्षी एमएसला जायच्या तयारीत आहे, जीआरई झाली, एसओपी लिहिणं चालू आहे. मुलुंडमध्ये ज्या कन्सल्टंटकडे जातो ते म्हणतात, 'काकू, कोणी पण येऊ दे, काही फरक पडत नाही.' कर्ज मात्र आम्हालाच फेडायचंय. खरंच फरक पडत नाही का? कुणी राजकारण न आणता सांगेल का?

कागदी_वाघ · २२ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

ताई, मी फोर्टात वकिली करतो, त्यातली बरीचशी अमेरिकन व्हिसाच्या कागदांची. फरक पडतो. कुठे पडतो ते सांगतो.

तुमच्या मुलाचं गणित असं असणार : एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, दोन वर्षं शिक्षण, मग ओपीटीवर नोकरी, मधेच एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागली तर बरं. यातली ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी २४, ही काँग्रेसने केलेल्या कायद्यात लिहिलेली नाही. खात्याचा नियम आहे. स्टेमची वाढ २००८मध्ये बुश यांच्या काळात १७ महिन्यांची होती, २०१६मध्ये ओबामांनी २४ केली. जे नियमाने आलं ते नियमाने जाऊ शकतं, वेळ लागतो इतकंच. तीन वर्षांच्या पगारावर तुम्ही कर्ज फेडायचं धरलं असेल तर तो आकडा 'स' रकान्यात आहे हे डोक्यात ठेवा.

एच-१बीची संख्या, ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००, ही कायद्यात आहे. ती कुणी सहीने वाढवू शकत नाही. पण अर्ज किती कडक तपासायचे हे सरकारच्या हातात. ट्रम्पनी एप्रिल २०१७ला 'बाय अमेरिकन, हायर अमेरिकन' आदेश काढला आणि नव्या नोकरीसाठीचे अर्ज नाकारण्याचं प्रमाण २०१५च्या ६ टक्क्यांवरून २०१८ला २४ वर गेलं. कायद्याचा स्वल्पविरामही बदलला नव्हता. बायडन यांच्या काळात ते २०२२ला २ टक्क्यांवर उतरलं. जून २०२०मध्ये तर कोविडचं कारण देऊन एच-१बीवर नव्याने येणाऱ्यांना दारच बंद केलं. माझे दोन अशील त्या वेळी इथे लग्नाला आले होते ते इथेच अडकले.

आता दुसरी बाजू. याच ट्रम्पनी गेल्या जूनमध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की अमेरिकन कॉलेजातून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला डिप्लोमासोबत ग्रीन कार्ड मिळायला हवं. मुंबईतल्या कन्सल्टंटांनी ती क्लिप घराघरांत पोचवली. नंतर प्रचार कार्यालयाने त्याला इतक्या अटी जोडल्या की हाती काही उरलं नाही. आणि तसंही, ग्रीन कार्ड संख्येचा कायदा 'काँ' आहे. एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ही मर्यादा कायद्यातच आहे आणि भारतीयांची ती भली मोठी रांग त्यामुळेच. ही मर्यादा काढणारं विधेयक २०१९मध्ये सिनेटमध्ये आणणाऱ्या दोघांपैकी एक होत्या कमला हॅरिस, दुसरे रिपब्लिकन माइक ली. डिसेंबर २०२०ला सिनेटने ते मंजूरही केलं, पण हाउसच्या मंजुरीशी त्याचं जुळलं नाही आणि ते बारगळलं. हॅरिसबाई आज प्रचारात त्याचं नावही काढत नाहीत. का काढतील? सध्या दोघांची स्पर्धा दक्षिण सीमेवर कोण जास्त कडक याची आहे. ट्रम्प इतिहासातली सर्वांत मोठी हद्दपारी करणार म्हणतात, हॅरिस म्हणतात सिनेटमधलं सीमेचं जे द्विपक्षीय विधेयक फेब्रुवारीत ट्रम्पच्या सांगण्यावरून पाडलं गेलं ते आणा, मी सही करते.

एक तिसरा खेळाडूही ध्यानात ठेवा. या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने चाळीस वर्षं जुना शेव्हरॉनचा निकाल फिरवला. कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा अर्थ कोर्टाने मानायचा, हा त्यातला दंडक गेला. म्हणजे आता कुणाच्याही खात्याच्या नियमाला आव्हान देणं सोपं झालं. एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर, असलेल्या बायकांच्या वर्क परमिटचा नियम ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात टिकला, पुढे काय होईल ते बघायचं. ट्रम्प पहिल्याच दिवशी सहीने जन्मसिद्ध नागरिकत्व बंद करणार म्हणतात, पण ते १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे. ती सही झाली तर थेट कोर्टातच जाऊन पडेल.

मुलाला पाठवा ताई. फक्त कर्जाचा हप्ता ओपीटीच्या तीन वर्षांवर न आखता एका वर्षावर आखून बघा. जमत असेल तर कोणीही निवडून येवो.

काळजीत_आई · २२ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

मनापासून आभार. एका वर्षावर जमत नाहीये. मिस्टरांशी बोलते. कन्सल्टंटनी ओपीटी म्हणजे 'मिळतोच' असं सांगितलं होतं.

संपादक · २२ ऑक्टोबर, सायं. ६.००

महायुती-मविआवरचे प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याची विनंती पहिल्याच परिच्छेदात आहे.

ठाणे_लोकल · २२ ऑक्टोबर, सायं. ६.२५

मालक, उडवा, पण एक विचारू द्या. आपल्याकडे बहिणीच्या खात्यात १,५०० गेले की ती रेवडी, आणि हॅरिसताईंनी घरासाठी २५,००० डॉलर दिले की ते गृहनिर्माण धोरण?

पार्ल्याची_पेनसिल्व्हेनियात · २२ ऑक्टोबर, रात्री ८.१५

लोकल, अगदी हाच प्रश्न माझ्या शेजारच्या जिमच्या बायकोनेही विचारला, फक्त बहिणी नव्हत्या त्यात.

मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते आणि मला मत आहे. सध्या आमच्या राज्यात टीव्ही लावणं अशक्य झालंय. टपालपेटी उघडली की प्रचारपत्रकांचा ढीग. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी १९ इलेक्टोरल मतं आहेत ना आमच्या राज्याची, सात डळमळत्या राज्यांत सर्वांत जास्त. तुम्ही तिथे शुल्क आणि व्हिसा बघताय, इथे मात्र माझ्या ओळखीत कुणीही त्यावर मत ठरवत नाही. अंडी, भाडं, पेट्रोल. जून २०२२ला महागाई ९.१ टक्क्यांवर होती, आता सप्टेंबरात २.४. पण दर खाली येणं म्हणजे किमती खाली येणं नव्हे, आणि हे पोस्टरवर समजावता येत नाही. हॅरिस म्हणतात किराणा कंपन्यांच्या नफेखोरीवर बंदी आणू. मी त्यांनाच मत देणार आहे, तरी ही कल्पना मला लंगडी वाटते. साठेबाजीविरोधी कायदे आपण भारतात किती पाहिलेत! घराचंही तेच. २५,००० वाटले आणि घरंच तेवढी नसली तर किंमत तेवढीच वर जाणार. हॅरिस चार वर्षांत तीस लाख नवी घरं बांधायचं म्हणतात, तो भाग खरा कामाचा. ट्रम्पकडे घरांवरचं उत्तर काय, तर स्थलांतरित घालवले की घरं रिकामी होतील. ती घरं बांधतं कोण ते त्यांनी एकदा आमच्या गल्लीत येऊन बघावं.

फ्रॅकिंगबद्दल नाना म्हणतात ते बरोबर आहे, हॅरिसनी भूमिका बदलली. पण इथे गॅसवर पश्चिम पेनसिल्व्हेनियातली गावंच्या गावं चालतात, टेक्सासनंतर सर्वाधिक गॅस आमच्या राज्यातून निघतो. उमेदवाराने भूमिका बदलली यापेक्षा कशासमोर बदलली हे मला जास्त सांगून जातं.

अवांतर : मिशिगनमध्ये डेट्रॉइटकडून बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये आहेत, डेमोक्रॅट. मुंबई विद्यापीठाचे एमएससी, काही काळ बीएआरसीत होते. 'काँ' रकान्यात एक मराठी माणूस आहे म्हणायचा.

प्रसूतिकक्ष · २२ ऑक्टोबर, रात्री १०.३०

चर्चेत अजून एकाही पुरुषाने गर्भपाताचा विषय काढला नाही याची नोंद घेते. तिथल्या कित्येक बायकांसाठी निवडणूक त्याच एका मुद्द्यावर आहे.

१९७३च्या 'रो' निकालाने दिलेला हक्क सुप्रीम कोर्टाने २४ जून २०२२ला काढून घेतला. ट्रम्पनी नेमलेले तीन न्यायाधीश, गॉर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट, तिघेही त्या बहुमतात. आता प्रत्येक राज्य आपापलं. ट्रम्पचं धोरण : राज्यांवर सोडा, देशव्यापी बंदी आली तर मी व्हेटो करीन, हे त्यांनी १ ऑक्टोबरला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. हॅरिसचं : 'रो'चा हक्क कायद्यात आणा. पण सिनेटमध्ये शंभरातली साठ मतं लागतात. त्या म्हणतात एवढ्यापुरता तो साठचा नियम बाजूला ठेवू. त्यालाही आधी बहुमत हवंच.

धागाकर्त्यांच्या भाषेत हा 'काँ' वाटतो, पण तिथे 'स' लपलाय. तिथले निम्म्याहून अधिक गर्भपात गोळ्यांनी होतात. मिफेप्रिस्टोन या गोळीला परवानगी एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०००मध्ये दिली. ती गोळी पोस्टाने मिळणार की डॉक्टरसमोरच घ्यायची, हे ठरवणाऱ्या एफडीएचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतो. १८७३चा एक धूळ खात पडलेला कॉमस्टॉक कायदा आहे, अशा वस्तू पोस्टाने पाठवायला बंदी करणारा. तो वापरायचा की नाही हे न्याय खातं ठरवतं. कुठलंही नवं विधेयक न आणता अख्ख्या देशाचं चित्र बदलता येईल.

आपल्याकडे एमटीपी कायदा १९७१चा. २०२१च्या दुरुस्तीने ठराविक गटांसाठी मुदत २४ आठवडे झाली, आणि सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने अविवाहितेलाही तोच हक्क दिला. त्यांचा हक्क गेला त्याच वर्षी. आणि कायदा धूसर असला की वॉर्डात काय होतं ते बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचं २०१२मध्ये आयर्लंडात काय झालं यावरून कळलंय. डॉक्टर हृदयाचे ठोके थांबायची वाट बघत बसले. आयर्लंडने २०१८ला सार्वमत घेऊन कायदा बदलला.

लोअरपरळकर · २२ ऑक्टोबर, रात्री ११.००

डॉक्टर, नोंद मान्य. वाहिन्यांवर भारताच्या चष्म्यातून बघितलं की हा मुद्दा बाहेरच राहतो.

नाना_गिरगाव · २३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

ठीक आहे. पण परराष्ट्र धोरणाचं काय? डेमोक्रॅट आले की आपल्याला प्रवचन. २०१९मध्ये ३७० गेल्यावर हॅरिसबाई काश्मिरींना सांगत होत्या, तुम्ही जगात एकटे नाही. खलिस्तानवादी पन्नूच्या हत्येच्या कटाच्या प्रकरणात गेल्याच आठवड्यात आपल्या माजी अधिकाऱ्यावर आरोपपत्र ठेवलं. ट्रम्प असलं काही करत नाही. रशिया-युक्रेन चोवीस तासांत मिटवतो म्हणतोय, मिटवू दे की!

माहुलगाव · २३ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

नाना, २२ जुलै २०१९ विसरलात? इम्रान खानला शेजारी बसवून ट्रम्प म्हणाले, मोदींनी मला काश्मीरवर मध्यस्थी करायला सांगितलंय. परराष्ट्र खात्याला त्याच रात्री खुलासा करावा लागला. एकाचं प्रवचन, दुसऱ्याची मध्यस्थी. निवडा.

मी माहुलच्या रिफायनरी पट्ट्यात नोकरी काढली, त्यामुळे तेलाचं सांगतो. इराणचं तेल आपल्याला सोयीचं होतं, साठ दिवसांची उधारी मिळायची. ट्रम्प २०१८मध्ये अणुकरारातून बाहेर पडले, निर्बंध आले, सहा महिन्यांची सूट मिळाली, ती मे २०१९ला संपली आणि आपण इराणचं तेल बंद केलं. आपल्या संसदेत कुणी विचारलं नाही की त्यांच्या. उलट बायडन यांनी रशियन तेलावर डिसेंबर २०२२ला ६० डॉलरची मर्यादा लावली. हेतू असा की तेल बाजारात राहावं पण रशियाला कमी पैसे मिळावेत. आपण ते भरभरून घेतलं, त्यांनी तोंड वाकडं केलं पण अडवलं नाही. हॅरिस यातलं काही बदलतील असं दिसत नाही. ट्रम्प इराणवर पुन्हा आवळतील हे नक्की, रशियावर सैल सोडतील की पुतिनना टेबलावर आणायला उलट आवळतील, हे त्यांनाही आज माहीत नसावं. 'ड्रिल, बेबी, ड्रिल'ने तेल स्वस्त झालं तर आपलाच फायदा, पण विहिरी कंपन्या खोदतात, आणि भाव पडला की त्या खोदायचं थांबवतात.

नाना_गिरगाव · २३ ऑक्टोबर, दुपारी १२.००

मध्यस्थीचं विसरलो नव्हतो, आठवणीत वर ठेवलं नव्हतं इतकंच. तरी माझं मत ट्रम्पलाच. मला मत नाही ही वेगळी गोष्ट.

कागदी_वाघ · २३ ऑक्टोबर, दुपारी २.३०

एक भर. राष्ट्राध्यक्षाच्या गदारोळात सिनेट विसरू नका. ३४ जागा आहेत, त्यात डेमोक्रॅटांना जास्त जागा राखायच्या आहेत आणि वेस्ट व्हर्जिनिया तर मँचिन निवृत्त होतायत म्हणून गेल्यातच जमा. करांचं भांडण साठ मतांवर अडत नाही, अर्थसंकल्पाच्या वाटेने साध्या बहुमतावर निघतं. २०१७चा ट्रम्पचा करकायदा सिनेटमध्ये ५१-४८ने झाला. २०२२चा बायडन यांचा हवामान आणि औषधदरांचा कायदा ५०-५० अडला होता, तो स्वतः हॅरिस यांच्या निर्णायक मताने सुटला. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही, ही मेडिकेअरवाल्यांची (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातल्यांची) सोय त्यातलीच. हॅरिस जिंकल्या आणि सिनेट हरल्या तर त्यांच्या ८२ पानांतली बरीचशी पानं कपाटात जातील. ट्रम्प जिंकले आणि सिनेट हरले तरी शुल्काला काही फरक पडत नाही.

सीप्झ_शिफ्ट · २३ ऑक्टोबर, सायं. ७.१५

आमच्या मालकांनी आजच बायरला मेल टाकला, पुढच्या सीझनची ऑर्डर जानेवारीच्या आधी उचला म्हणून. २० जानेवारीला शपथ आहे ना. निकाल काहीही लागो, माल आधी बाहेर पडलेला बरा.

ठाणे_लोकल · २३ ऑक्टोबर, रात्री ९.०५

सगळ्यांना दंडवत. आता कामाचं बोला. सहा तारखेला रजा टाकू का अर्धा दिवस पुरेल?

पार्ल्याची_पेनसिल्व्हेनियात · २३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

आमची घड्याळं ३ नोव्हेंबरला एक तास मागे जातात, त्यामुळे तुमच्यात आणि आमच्यात साडेदहा तास. सहा तारखेला तुमच्या पहाटे साडेपाचला जॉर्जियातलं मतदान बंद होईल, सहाला नॉर्थ कॅरोलायना, साडेसहाला आम्ही. विस्कॉन्सिन आणि अ‍ॅरिझोना साडेसातला, नेवाडा साडेआठला. आमच्याकडे आणि विस्कॉन्सिनात टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नाहीत, म्हणून आमचं मोजणं रेंगाळतं. २०२०मध्ये मंगळवारी मतदान झालं आणि निकाल शनिवारी कळला. अर्धा दिवस टाका, बाकीची रजा शिल्लक ठेवा. वीस तारखेला तुमचंही मतदान आहे.